गिरण्या बंद, चुली चालू

दीड लाख माणसांचा पगार एकदम थांबला आणि पुढे जवळजवळ सहा महिने तो आलाच नाही, तर काय होते? १९२८ साली मुंबईत हे घडले. एप्रिलच्या मध्यावर कापडगिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. २६ एप्रिलपर्यंत शहरातल्या जवळपास सगळ्या गिरण्या थंडावल्या आणि कामगार पुन्हा आत गेले ते थेट ऑक्टोबरात. या एका संपात कामाचे दोन कोटी वीस लाखांहून अधिक दिवस बुडाले. त्या वर्षी अख्ख्या हिंदुस्थानात संप-टाळेबंदीने जितके दिवस वाया गेले, त्यांतले दोन तृतीयांशांहून जास्त या एकट्या संपाच्या खात्यावर जमा आहेत.

संपाची हकिगत सांगायची म्हटली की पुढाऱ्यांची नावे, मागण्यांची यादी, गोळीबार आणि तडजोड या क्रमाने सांगण्याची रीत आहे. ते सगळे पुढे येईलच. पण त्याआधी एक चुलीपाशचा प्रश्न विचारायला हवा. हे दीड लाख लोक त्या सहा महिन्यांत जेवले काय? हातात शिल्लक नाही, डोक्यावर कर्ज आहे, वाण्याची उधारी आहे आणि आसपासचा प्रत्येक जण त्याच पगारावर पोट भरणारा. अशी वस्ती आठवड्याभरात शरण यायला हवी होती. ती आली नाही. का आली नाही, हे पाहू लागलो की संप म्हणजे नेमके काय हेही कळू लागते.

एकाच धंद्याचे गाव

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्यासाठी कंपनी स्थापली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती गिरणी चालू झाली. पुढच्या सत्तर वर्षांत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास गेली. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड, वरळी, प्रभादेवी असा एक सलग पट्टा तयार झाला. त्यालाच लोक गिरणगाव म्हणू लागले.

गावच होते ते. कामगार बहुतेक करून गिरणीपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर राहत. सकाळी भोंगा झाला की चाळी रिकाम्या होत, संध्याकाळी पुन्हा भरत. सगळ्यांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोकांचा. त्याखेरीज सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर इकडची माणसे आणि उत्तरेकडून आलेले विणकर. सरकारने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी बांधल्या. त्यांतली एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत कुटुंब तरी असे, नाहीतर एकाच गावचे दहा-पंधरा जण मिळून गाळा घेऊन राहत. निम्मे पाळीला गेले की उरलेल्यांना पाय पसरायला जागा मिळे.

बायको-मुले गावी ठेवून आलेल्यांचे जेवण खाणावळीत. खाणावळ चालवणारी बहुधा गिरणगावातलीच एखादी बाई असे. तिचे पैसे महिनाअखेरीस, म्हणजे पगार झाल्यावर. वाण्याची वही चालू, तिचाही हिशेब पगाराला. खोलीचे भाडे पगाराला. पठाण सावकाराचे व्याज पगाराला. आणि पगार स्वतः उशिरा येई. महिना भरल्यानंतर पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेपर्यंत तो हातात पडत नसे. म्हणजे नव्याने लागलेला माणूस दीड महिना उधारीवरच उभा राही आणि एकदा चढलेली ती उधारी सहसा उतरत नसे.

या सगळ्याच्या मध्यभागी जॉबर किंवा मुकादम. कामावर घेणारा तो, बदली कामगाराला आज उभे करायचे की परत पाठवायचे हे ठरवणारा तो, त्याबद्दल दस्तुरी खाणारा तो, अडीनडीला पैसे देणारा किंवा जामीन राहणाराही बऱ्याचदा तोच. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. मालकाला वाटे की जॉबर आपला माणूस आहे. पण जॉबरही चाळीत राहत असे. त्याचे वजन त्याच्या टोळीवर अवलंबून असे आणि टोळी रुसली की जॉबरची गिरणीतली किंमत शून्य. ही गोष्ट लक्षात ठेवायची, कारण संप लागल्यावर तिचा प्रत्यय आला.

पगाराचे गणित

गिरणीचा पगार म्हणजे महिन्याची ठरलेली रक्कम, असे आज वाटू शकते. तसे नव्हते. सूत काढणाऱ्या खात्यातले बरेच लोक हजेरीवर असत. साचेखात्यातला, म्हणजे मागांवरचा, विणकर मात्र कामाच्या मापावर, आणि ते माप बहुधा कापडाच्या वजनावर. शिवाय प्रत्येक गिरणीचा दर वेगळा. लालबागच्या एका फाटकाआड जो दर, तो पलीकडच्या फाटकाआड नाही.

वजनावर पैसे म्हटले की एक छुपी गोम येते. जाड्याभरड्या सुताचे कापड वजनदार, बारीक सुताचे हलके. मालकाने बाजार बघून बारीक मालाकडे वळायचे ठरवले, तर तितकेच तास, तितकीच दमछाक होऊन विणकराच्या हातून निघणारे वजन कमी होते. दराला कोणी हात लावलेला नसतो. नोटीस लागलेली नसते. पगार मात्र खाली येतो. १९२६-२७ नंतर मुंबईच्या गिरण्या बारीक आणि नव्या वाणांकडे वळू लागल्या तेव्हा विणकरांची तक्रार नेमकी हीच होती.

दुसरी कात्री दंडाची. कापडात खोट निघाली तर ते कापड विणकराच्याच माथी मारून त्याची किंमत पगारातून वळती करून घेत. सूत निकृष्ट असेल, साचा जुना असेल, तरी भरपाई विणकराकडून.

तिसरी आणि सर्वांत वादाची गोष्ट म्हणजे माणशी यंत्रे वाढवणे. रीतीप्रमाणे एक विणकर दोन साचे सांभाळी. ससून गटाच्या गिरण्यांनी ठरवले की त्याने तीन सांभाळावेत, आणि सूत काढणाऱ्याने रिंगयंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू पाहाव्यात. मोबदल्यात पगार वाढेल. मालकांच्या तोंडून हे ऐकले तर पगारवाढच वाटते. एक कल्पित उदाहरण घेऊन हिशेब करू. समजा, दोन साच्यांवर १०० वार कापड निघते आणि त्याचे ४० रुपये मिळतात. तीन साच्यांवर १५० वार निघाले आणि ५० रुपये मिळाले, तर कामगाराच्या हातात दहा रुपये जास्त आले. पण वारामागे दर ४० पैशांवरून सुमारे ३३ पैशांवर उतरला. आणि ३०० साच्यांच्या खात्यात पूर्वी १५० विणकर लागत, आता १००च लागतील. उरलेले पन्नास कुठे जातील? दुसऱ्या गिरणीच्या फाटकावर, बदली म्हणून. गिरणगावात दुसरा धंदाच नव्हता. म्हणून ज्याचा पगार वाढत होता तोही या वाढीने खूश नव्हता. फाटकावर उभा राहणारा तो पन्नासावा माणूस त्याच्याच गाळ्यातला, त्याच्याच गावचा होता.

मालक अडचणीत होते का?

होते. हे मान्य केल्याशिवाय संप समजत नाही. मुंबईच्या गिरण्यांनी एकेकाळी चीनला सूत विकून पैसा केला होता. ती बाजारपेठ जपानने हिरावून घेतली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि नंतर आलेली तेजी १९२२-२३ नंतर ओसरली. जपानी कापड आता मुंबईच्याच दुकानांत येऊ लागले. अहमदाबाद आणि आतल्या भागातल्या गिरण्या कापसाच्या आणि गिऱ्हाइकाच्या जवळ होत्या. त्यात १९२७ मध्ये सरकारने रुपयाचा भाव एक शिलिंग सहा पेन्स असा चढा बांधून टाकला. त्याने आयात माल स्वस्त झाला आणि मालक संतापले.

१९२५ मध्ये त्यांनी या अडचणीवर सरळ तोडगा काढला होता: महागाईभत्त्यासह पगारात साडेअकरा टक्के कपात. कामगार १५ सप्टेंबरपासून बाहेर पडले आणि डिसेंबर लागेपर्यंत आत गेले नाहीत. अखेर सरकारने देशी कापडावरची साडेतीन टक्क्यांची जकात स्थगित केली आणि मालकांनी कपात मागे घेतली. त्या वेळी भांडण मिटले, कारण तिसऱ्याच्या खिशातून पैसे निघाले. ही जकात १८९६ पासून मालकांच्या डोळ्यांत सलत होती. ती गेली, कामगारांचा पगारही वाचला. पण असा तिसरा खिसा एकदाच मिळतो. १९२८ मध्ये सरकारकडून काढून घेण्यासारखे काही उरले नव्हते. सरकारने नेमलेल्या टॅरिफ बोर्डाने १९२७ मध्ये कापडधंद्याची चौकशी करून सल्ला दिला तो कार्यक्षमता वाढवा असा. मालकांनी त्याचा अर्थ माणशी साचे वाढवा असा लावला.

एक फरक मात्र त्यांनी १९२५ वरून शिकून केला. सरसकट कपात जाहीर केली की अख्खे गिरणगाव एका दिवशी उठते. मग एकेका गटात, एकेका खात्यात, वेगवेगळ्या नावांनी बदल आणले तर? ससूनच्या गिरण्यांत १९२८च्या जानेवारीत संप झाला, तो तेवढ्यापुरता मिटला. एक गिरणी उठे तेव्हा दुसरी चालू असे.

संप पुढे, पुढारी मागे

कामगारांच्या संघटना त्या वेळी तीन तऱ्हेच्या होत्या. नारायण मल्हार जोशी यांची बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन १९२६ पासून होती. नोंदणी, वर्गणी, अर्ज, वाटाघाटी ही तिची पद्धत. गिरणी कामगार महामंडळ हे कामगारांनीच १९२३ मध्ये उभे केलेले. त्यात अर्जुन आत्माराम आळवे, गोविंद कासले हे स्वतः गिरणीत काम केलेले लोक पुढे होते. आणि तिसरा गट कामकरी-शेतकरी पक्षाच्या तरुण साम्यवाद्यांचा: श्रीपाद अमृत डांगे, शां. सा. मिरजकर, के. एन. जोगळेकर, आर. एस. निंबकर. ‘क्रांती’ हे त्यांचे मराठी साप्ताहिक.

एप्रिलच्या मध्यावर असंतोष गिरणीगणिक फुटू लागला तेव्हा जोशी सार्वत्रिक संपाच्या विरुद्ध होते. त्यांच्या मते तयारी नव्हती, निधी नव्हता. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण लोक थांबले नाहीत. २३ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात परशुराम जाधव हा कामगार मारला गेला. तीनच दिवसांत उरल्यासुरल्या गिरण्याही बंद पडल्या. मग पुढाऱ्यांना एकत्र येणे भाग पडले. जोशी आणि साम्यवादी, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे, मे महिन्यात संयुक्त संप समितीत शेजारी बसले. जोशी आणि डांगे दोघेही तिचे चिटणीस. महामंडळात फूट पडून आळवे यांचा गट साम्यवाद्यांबरोबर गेला आणि त्यातून मे महिन्यातच गिरणी कामगार युनियन जन्माला आली. आळवे अध्यक्ष, डांगे सरचिटणीस. लाल बावट्याची युनियन म्हणून लोक तिला ओळखू लागले.

समितीने सतरा मागण्या मांडल्या. कमी झालेले दर पूर्ववत करा, कामगारांच्या संमतीशिवाय माणशी यंत्रे वाढवू नका, कामाचे तास वाढवू नका, असा त्यांचा रोख होता. दर थोडा वर-खाली होण्यापेक्षा तो कोण आणि कसा ठरवणार, हा त्यातला खरा प्रश्न होता.

सभा रोज होत. प्रभादेवीच्या नागू सयाजी वाडीत, परळला, डिलाईल रोडला. पोलिसांचे लघुलेखक मराठी भाषणे शब्दशः उतरवून घेत; हीच टिपणे पुढच्या वर्षी साम्यवादी पुढाऱ्यांवर भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यात पुरावा म्हणून आली. सभांना रोज गर्दी होण्यामागे एक व्यावहारिक कारणही होते. घरात बसलेला कामगार वाण्याचे तोंड चुकवतो, अफवा ऐकतो आणि चौथ्या दिवशी फाटकाशी जाऊन उभा राहतो. सभेत आलेल्याला शेजारचा अजून टिकून आहे एवढे तरी डोळ्यांनी दिसते.

चुली कशा पेटल्या

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. उत्तर एक नाही. चार-पाच बारीक आधार एकमेकांत गुंतले होते.

पहिला आधार उधारीचा. वाणी दयाळू होता म्हणून त्याने माल दिला असे नाही. एकाच धंद्याच्या वस्तीत वाण्याला दुसरे गिऱ्हाईक नसते. आज वही बंद केली तर मागची थकबाकी बुडाली, आणि संप मिटल्यावर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेले. म्हणून तो कुरकुरत, हात आखडत, पण काही काळ देत राहिला. खाणावळवालीचे तेच, खोलीच्या मालकाचे तेच. कर्जाने बांधलेली वस्ती एरवी कामगाराला जखडून ठेवत होती. संपात त्याच दोरीचे दुसरे टोक सावकाराच्या गळ्यात आले. अर्थात ही दोरी अनंत लांब नव्हती. भांडी-दागिने गहाण पडले आणि संप मिटल्यावर कित्येक घरांचा पगार मागची देणी भागवण्यातच गेला.

दुसरा आधार मदतनिधीचा. संप समितीने केंद्रे काढून धान्य वाटले. शहरातून वर्गणी जमली. परदेशातल्या कामगार संघटनांनी, सोव्हिएत रशियातल्या कापड कामगार संघटनेनेही, पैसे पाठवले. रशियाच्या पैशावरून वर्तमानपत्रांत आणि कायदेमंडळात बराच गदारोळ उठला. पण दीड लाख लोकांत वाटले तर या निधीचे माणशी फार काही होत नव्हते. अगदी निराधार कुटुंबांना तो उपयोगी पडला. संप मात्र त्याच्या जोरावर टिकला असे म्हणता येत नाही.

तिसरा आणि खरा आधार गावाचा. गिरणी कामगार मुंबईत उपरा आहे, त्याचे मन गावात आहे, म्हणून तो पक्का कामगार होत नाही आणि त्याची संघटना होत नाही, अशी तक्रार त्या काळचे मालक आणि सरकारी अहवाल करीत असत. १९२८ ने ही समजूत उलटी करून दाखवली. रत्नागिरीतल्या तुकडे पडलेल्या भातजमिनीत वर्षाचे पोट भरत नव्हते, म्हणूनच तर माणूस मुंबईला आला होता. पण जी जमीन बारा महिने पोसू शकत नव्हती, ती चार-पाच महिने आधार देऊ शकत होती. मे महिन्यात हजारो लोकांनी भाऊच्या धक्क्यावरून आगबोट धरली, सातारा-कोल्हापूरकडच्यांनी रेल्वे. पुढे पेरणी, लावणी, बेणणी. एरवी ही कामे म्हातारे आईबाप आणि बायका ओढत. या वर्षी चाकरमानी हाताशी होता. दर महिन्याला मुंबईहून गावाला जाणारी मनीऑर्डर थांबली आणि गावाने तिची परतफेड तांदूळ-नाचणीने केली.

वेळही जुळून आली होती. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावरची आगबोट बंद असे. मेअखेरीस गावी गेलेल्या माणसाला जुलैत मन चळले तरी परतणे सोपे नव्हते. गिरणगावात खाणारी तोंडे कमी झाली आणि फाटकापाशी उभे करायला मालकांना हवे असलेले हातही. हाच संप जानेवारीत लागला असता तर इतका टिकला असता का, ही शंका रास्त आहे.

चौथा आधार चाळीचा. इथे जॉबर पुन्हा आठवायचा. मालकांनी ऑगस्टमध्ये गिरण्या उघडून पाहिल्या. फाटकांवर पोलीस उभे राहिले, पण आत जायला पुरेसे लोक आले नाहीत. जॉबरने टोळी आणून द्यावी ही अपेक्षा फोल ठरली. तो ज्या चाळीत राहत होता तीच संपावर होती. फाटक ओलांडणाऱ्याला संध्याकाळी त्याच जिन्याने वर चढायचे होते, त्याच नळावर उभे राहायचे होते. या दबावात धाकही होता, मारामाऱ्याही झाल्या. गल्लीतले दादा कधी संपाच्या बाजूने तर कधी मालकांच्या बाजूने उतरले. एकजूट म्हणतो तिच्यात आपुलकी किती आणि भीती किती, हे प्रत्येक चाळीत वेगळे असणार.

संपातले वेगळे हिशेब

दीड लाखांचा संप म्हटले तरी सगळ्यांचा हिशेब एक नव्हता. विणकरांचा पगार चांगला, तेच संपाच्या अग्रभागी. आणि साचेखात्याचे दार अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना बंद होते. कारण धोट्याचे दिले जाई. कांडी बदलली की धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार म्हणून सवर्ण विणकरांनी दलितांना त्या खात्यात येऊ दिले नाही. दलित कामगार कमी पगाराच्या खात्यांत राहिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा मुंबई कायदेमंडळाचे सभासद होते. त्यांचा सवाल सरळ होता: विणकराचा दर टिकावा म्हणून माझ्या लोकांनी उपाशी राहायचे, पण विणकर होण्याचा हक्क मात्र त्यांना नाही, हे कसे? सगळी खाती सर्वांना खुली करण्याची मागणी त्यांनी पुढाऱ्यांपुढे ठेवली. पुढाऱ्यांनी ती नाखुशीनेच घेतली आणि दार उघडले नाही. पुढच्या वर्षी पुन्हा सार्वत्रिक संप लागला तेव्हा आंबेडकरांनी त्याला विरोध केला. संपाला विरोध म्हणजे मालकाची बाजू, असे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. मालक दरात भेद करीत होता, तसा कामगार खात्यात भेद करीत होता. १९३८ च्या नोव्हेंबरात औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी एकत्र संपात उतरले, पण तोवर मधली दहा वर्षे गेली होती.

बायकांचाही हिशेब वेगळा. गिरणी कामगारांत साधारण पाचात एक बाई, बहुतेक सूत गुंडाळण्याच्या खात्यांत, पगार सगळ्यांत कमी. यंत्रे-माणसे यांचे नवे गणित लागू झाले की पहिली गदा त्यांच्यावर येई. घरातल्या पुरुषाचा आणि स्वतःचा असे दोन्ही पगार एकदम बुडाल्यावर चूल चालवायची तीही त्यांनीच. उषाताई डांगे यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्यांच्यात काम करू लागल्या आणि गिरणी कामगार बायका फाटकांवरच्या पहाऱ्यांत दिसू लागल्या.

मालकांचे गोदाम

संप लांबण्याचे एक कारण कामगारांची जिद्द. दुसरे, ज्याची चर्चा कमी होते, ते मालकांचे गोदाम. एप्रिलमध्ये बाजार मंद होता आणि न विकलेले कापड साठून राहिले होते. अशा वेळी गिरणी बंद राहिली तर साठा विकला जातो आणि त्या काळात पगार द्यावा लागत नाही. सुरुवातीचे काही आठवडे मालकांना तडजोडीची घाई नव्हती ती यामुळे. ऑगस्टनंतर चित्र पालटले. साठे उतरले, गिऱ्हाईक दुसरीकडे वळू लागले.

दरम्यान मालकांनी सर्व गिरण्यांना एकच दर लावण्याची योजना पुढे केली. मागणी जुनीच, खुद्द कामगारांचीही. पण मालकांच्या तक्त्यात विणकरांच्या पगाराला साडेसात टक्के कात्री होती. म्हणजे शिस्त लावण्याच्या नावाखाली कपातच. समितीने ती नाकारली.

अखेर ऑक्टोबरच्या सुरुवातीला तडजोड झाली. न्यायमूर्ती चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमायची आणि तिचा अहवाल येईपर्यंत बहुतेक गिरण्यांत मार्च १९२७ चे दर चालू ठेवायचे, असे ठरले. ६ ऑक्टोबरला संप मिटला. कामगारांनी सगळे मिळवले नाही. पण कपात न होता ते आत गेले आणि ज्या मालकांनी वर्षापूर्वी कोणाला विचारले नव्हते त्यांना आता हिशेबाच्या वह्या समितीपुढे उलगडाव्या लागणार होत्या.

विजयानंतर

कामगारांना हा विजयच वाटला. गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या वर्षअखेर पन्नास हजारांच्या पुढे गेली. गिरण्यागिरण्यांत समित्या स्थापन झाल्या. दंड झाला, बदलीला परत पाठवले, जॉबरने दस्तुरी मागितली, की लोक जॉबरच्या हातापाया पडण्याऐवजी समितीकडे जाऊ लागले. मालकांना पगारवाढीपेक्षा हे जास्त झोंबले असावे. गिरणीच्या आत हुकूम कोणाचा, हाच प्रश्न होता.

सरकारचे उत्तर लवकरच आले. २० मार्च १९२९ ला देशभर धरपकड झाली आणि मीरत कटाचा खटला उभा राहिला. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर तर पकडले गेलेच, आळवे आणि कासले हेही गेले. त्याच वर्षी औद्योगिक तंट्यांचा कायदा झाला आणि कामगारांच्या स्थितीची पाहणी करायला शाही आयोग नेमला गेला. एक हात बेडीचा, दुसरा चौकशीचा. एप्रिल १९२९ मध्ये, वाडियांच्या गिरण्यांतून काढून टाकलेल्या लोकांवरून, दुसरा सार्वत्रिक संप लागला. अनुभवी पुढारी तुरुंगात होते, घरे कर्जात होती, मागच्या वर्षी ज्या वाण्याने आणि गावाने ओझे पेलले ते अजून सावरले नव्हते. दलित कामगार दुरावले होते. सप्टेंबरमध्ये तो संप कोसळला आणि त्याबरोबर युनियनही.

एका वर्षाच्या अंतराने तेच लोक, त्याच चाळी, तोच लाल बावटा. एकदा टिकले, एकदा मोडले. कामगारांचे धैर्य बारा महिन्यांत संपले असे मानायला आधार नाही. संपला होता तो मागचा आधार.

१९८२ कडे पाहताना

गिरणगावाचा संप म्हटले की आज आठवतो तो १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्याही वेळी लोक गावी गेले, उधारी झाली, मंगळसूत्रे गहाण पडली आणि लोक १९२८ पेक्षा कितीतरी जास्त काळ टिकले. तरीही हाती काही आले नाही आणि संप कधी रीतसर मिटलाही नाही. या दोन संपांची तुलना सहसा पुढाऱ्यांवरून केली जाते: डांगे-जोशी तडजोडीला बसले, सामंत बसले नाहीत वगैरे. त्यात तथ्य असेल, पण मूळ फरक दुसरीकडे आहे.

१९२८ मध्ये गिरणी मालकाला कापड काढायचे तर गिरणीच चालवावी लागत होती. गोदाम रिकामे झाले की त्याला कामगारावाचून गत्यंतर नव्हते. कामगाराला मात्र काही महिने गिरणीवाचून गत्यंतर होते, ते गावात. १९८२ पर्यंत भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग बाजाराला कापड पुरवू लागले होते. शिवाय गिरणीखालच्या जमिनीचा भाव गिरणीच्या धंद्याहून मोठा होत चालला होता. १९९१ च्या विकास नियमावलीने ती जमीन विकण्याचा मार्गही खुला केला. दुसरा आधार असलेला पक्ष आता मालकाचा होता. त्याच वेळी कामगाराचे गाव पूर्वीइतके पेलण्याच्या स्थितीत राहिले नव्हते. शेती आणखी तुकड्यांत वाटली गेली होती आणि त्याची मुले मुंबईतच शाळेत जात होती.

एकाच धंद्यावर जगणाऱ्या वस्तीचे बळ आणि तिची दुखरी जागा एकच असते. सगळे एका भोंग्याला उठणारे, म्हणून एका हाकेला बाहेर पडणारे. पण तो धंदा वस्तीवाचून चालू शकेल असे झाले, की त्या हाकेला समोरून उत्तर द्यायला कोणी बांधील राहत नाही. पगाराच्या कोणत्याही संपाचा निकाल सांगायचा असेल तर मागण्यांच्या यादीआधी दोन आकडे विचारावेत: कामगार मालकावाचून किती महिने काढू शकतो आणि मालक कामगारावाचून किती. १९२८ च्या ऑक्टोबरात कामगाराचा आकडा थोडासा मोठा भरला होता.